एका दमात

त्या कचेरीत त्याला नावानं कोणीच हाक मारत नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी एकच, फटाफटराव. आधी चेष्टेनं म्हणायचे, मग सवयीनं म्हणू लागले, आणि गेल्या वर्षीपासून तर चक्क कौतुकानं. हाक कानावर आली की त्याची पाठ आपोआप ताठ व्हायची.

काम काय, तर विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या मुलांची नोंदणी करायची. पोरांनी खिडकीशी यायचं, विचारलेलं सांगायचं, कॅमेऱ्यात बघायचं, पावती घ्यायची आणि घरी जायचं. ऐकायला किती सोपं! पण पूर्वी एवढ्याशा कामाला अख्खा दिवस जायचा. चार खिडक्या आणि चार तऱ्हेची माणसं. एक कारकून चष्मा शोधत असायचा, दुसरा चहाची वाट बघत असायचा. पोराला विचारावं, "कुठल्या शाखेची परीक्षा देणार?" तर पोर आईकडे बघणार, आई बापाकडे आणि बाप छताकडे. तोवर रांग जिन्यावरून खाली आणि खालून रस्त्यावर.

या रांगेचा फटाफटरावाला मनापासून राग होता आणि त्याला कारणही तसंच होतं. तरुणपणी तो स्वतः याच रांगेत उभा राहिला होता. सकाळपासून उपाशी उभा, आणि नंबर आला तेव्हा तोंडावर खिडकी धाडकन बंद झाली. "उद्या या," म्हणाले. उद्या कुठली? मुदत त्याच दिवशी संपत होती. झालं, त्याचं विद्यापीठ तिथंच संपलं. पुढे नशिबानं याच कचेरीत चिकटला, लग्न झालं, लेक झाली, केस पांढरे झाले, पण ती खिडकी काही त्याच्या डोक्यातून गेली नाही. आपल्यासमोरून कुणाचं पोर असं परत जायला नको, हे त्यानं मनाशी घट्ट धरलं होतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, काय दुष्ट माणूस आहे! दुष्ट नव्हता हो. दुष्ट असता तर परवडलं असतं.

तर त्यानं डोकं लावलं. शाळांकडून मुलांची माहिती आधीच मागवून घेतली. मुलानं आपला शाळेचा क्रमांक सांगितला की नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं आपोआप पडद्यावर. उरले चार प्रश्न. परीक्षा कुठल्या शाखेची, केंद्र कुठलं, फोन नंबर काय आणि सोबत कोण आलंय. आणि खरी गंमत पुढे आहे. हे प्रश्न विचारायचेच नाहीत! विचारण्यात निम्मा वेळ जातो, असं त्याचं म्हणणं. भिंतीवर मोठा फलक लावला, पाचही गोष्टी क्रमानं लिहिल्या, आणि कचेरीतल्या शिपाईणबाईंना रांगेत तालमीला उभं केलं. त्यांना सगळे मावशी म्हणत. मावशी रांगेतून फिरायच्या, "चला, बोला बरं एका दमात! क्रमांक, शाखा, केंद्र, फोन, सोबत कोण. मध्ये थांबायचं नाही, अं-अं करायचं नाही!" पोरं पाढे म्हटल्यासारखी घोकायची. खिडकीशी आली की एका दमात ओतून मोकळी. फटाफटराव मान वर न करता टाइप करायचा, कॅमेऱ्याचं बटण दाबायचा आणि ओरडायचा, "पुढे!"

चारांची एक खिडकी झाली आणि तरी रांग जिन्याखाली गेली नाही. चुकाही जवळजवळ थांबल्या. म्हणून त्यानं स्वतः सुचवलं, दुरुस्तीची खिडकी आता कशाला हवी? बदल करायचाच झाला तर अधिकारी मॅडमच्या परवानगीनं, त्याच दिवशी, मुलानं स्वतः परत येऊन, याच खिडकीशी, पुन्हा सगळं सांगून. मॅडमनी मान डोलावली. या रीतीला कचेरीत नावच पडलं, 'एका दमात'.

आता घरचं ऐका.

लेक एकुलती एक. हुशार, वाचणारी, घरातलं भांडण शेवटी न्यायाला तिच्याकडेच जायचं. पण बोलताना अडकायची. आईशी कमी अडकायची, मांजराशी बोलताना तर अजिबात नाही. चारचौघांत अडकायची आणि बापासमोर सगळ्यात जास्त. का, ते तिच्या आईला ठाऊक होतं. पोरीनं तोंड उघडलं रे उघडलं की हा तिचं वाक्य पुरं करायचा.

"बाबा, म... म... मला..."

"पाणी हवंय ना? घे, बाळ, घे."

पोरीला पाणी नको असायचं. पण ग्लास पुढे आलेला, बाप समोर उभा. ती मुकाट्यानं पाणी प्यायची. त्याला वाटायचं, आपण किती समजूतदार. तिला त्रास नको म्हणून आपण आधीच ओळखतो. खरं सांगायचं तर तिचा ताणलेला चेहरा आणि तो हवेत लटकलेला शब्द त्याला सहन व्हायचा नाही. पाहुण्यांसमोर तर तो घामाघूम व्हायचा. म्हणजे अडकायची ती आणि लाज वाटायची याला.

तिला कायद्याचं शिक्षण घ्यायचं होतं. वकील व्हायचं होतं. हे तिनं बापाला तीन-चारदा सांगायचा प्रयत्न केला आणि तीन-चारदा पाणी प्यायली. शेवटी आईनंच सांगितलं.

तो हसला. "अगं, कोर्टात उभं राहून बोलावं लागतं! न्यायाधीश काय हिची वाट बघत बसणार आहेत? त्यापेक्षा हिशेबशास्त्र बरं. टेबल, खुर्ची, आकडे. कुणाशी बोलायला नको, चालायला नको."

"तिला विचारा तरी," आई म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? मला कळत नाही का तिचं?"

दार उघडं होतं. पलीकडच्या खोलीत पानं उलटल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

त्यानंतर लेकीनं वाद घातला नाही. ती तालीम करू लागली. न्हाणीघरात नळ सोडून, गच्चीत कपडे वाळत घालताना, आरशासमोर. क्रमांक, कायदा, केंद्र, फोन, सोबत कोण. बापाच्याच रीतीनं, एका दमात. 'कायदा'वर अडायची, परत पहिल्यापासून सुरू करायची. बाहेर बाप टीव्हीसमोर बसलेला असायचा. त्याला ऐकू यायचं. तो आवाज वाढवायचा. पोरीचा नव्हे, टीव्हीचा.

"दुपारच्या वेळी ये," तो तिला म्हणाला होता, "रांग नसते. गुपचूप उरकून टाकू." पण तिला गुपचूप उरकायचं नव्हतं. तिला सगळ्यांसारखं, सगळ्यांमध्ये उभं राहून, नीट बोलून नाव नोंदवायचं होतं. तालीम पुरी होईना, म्हणून उद्या-परवा करता करता शेवटचा दिवस उजाडला. आणि नेमके त्याच दिवशी वरच्या कचेरीतून तिघे साहेब आले, ही रीत बघायला. चांगली वाटली तर सगळीकडे लागू करणार होते. फटाफटरावानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. मॅडम त्या तिघांना घेऊन खिडकीच्या आतल्या बाजूला, अगदी त्याच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या.

रांग भराभरा सरकत होती. पोरगं यायचं, ओतायचं, जायचं. पाहुण्यांपैकी जाड भुवयांचे एक साहेब हातातल्या घड्याळाकडे बघून "वा, वा" म्हणत होते. फटाफटराव नुसता फुलला होता. "पुढे! पुढे!" आणि मान वर केली तर खिडकीत लेक.

निळा ड्रेस, कपाळावर घाम, दोन्ही हात खिडकीच्या कट्ट्यावर घट्ट रोवलेले. ती त्याच्याकडे बघून हलकंसं हसलीसुद्धा. तालीम झाली होती ना तिची!

यानं घाईनं नजर पडद्याकडे वळवली. आणि तोंडातून निघालं काय? "बोला. तुमचा क्रमांक सांगा."

तुमचा! एरवी प्रत्येक पोराला 'अरे-अगं' करणारा माणूस स्वतःच्या पोरीला 'तुमचा' म्हणाला. लेकीचं हसू तिथंच थांबलं. तरी तिनं क्रमांक सांगितला, आकडे तिला सोपे जायचे. मग तिनं श्वास घेतला, ओठ उघडले आणि शब्द अडकला. आवाजच फुटेना. मान ताणली गेली, डोळे मिटले गेले. मागून एक पोरगं खुदकन हसलं. दुसऱ्यानं विचारलं, "काय झालं रे, बंद पडली का?"

पाठीमागे भुवयावाल्या साहेबांनी घड्याळ खाली केलं. "ही घाबरलीये का? तुमच्या ओळखीची आहे?"

आता, नियम असा होता की कर्मचाऱ्याच्या घरचं कोणी असेल तर काम थांबवून मॅडमसमोर वेगळी नोंद करायची. 'ओळखीची आहे' म्हटलं असतं तर पाहुण्यांसमोर सगळं ठप्प. हे निमित्त त्याला पुढे फार उपयोगी पडलं, निदान दुपारपर्यंत. पण त्या क्षणी नियम-बियम काही आठवला नव्हता. त्या क्षणी त्याला फक्त लाज वाटली होती.

"नाही, साहेब," तो म्हणाला. "ओळखत नाही."

आणि त्याची बोटं चालू लागली. शाखा, हिशेबशास्त्र. केंद्र, घराजवळचं. फोन, घरचा. सोबत कोण, कोणी नाही. कॅमेऱ्याचं बटण. पावती सर्रकन बाहेर. लेकीचा शब्द अजून ओठांवरच होता.

"अरे व्वा!" साहेब म्हणाले. "मुलगी बोललीसुद्धा नाही आणि नोंदणी झाली! पण फोन नंबर कुठून आला?"

"शाळेच्या माहितीत असतो, साहेब." नव्हता. धडधडीत खोटं.

"उत्तम! फार उत्तम!" साहेबांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली.

"पुढे!" फटाफटराव ओरडला.

लेकीनं पावती घेतली. वाचली नाही, घडीही घातली नाही, तशीच हातात धरून निघून गेली. भिंतीपाशी मावशी उभ्या होत्या. वर्षानुवर्षं डबा घेऊन येणारी ही पोर त्या चांगली ओळखत होत्या. त्यांनी एकदा फटाफटरावाकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि पाहुण्यांकडे बघून पुन्हा मिटलं.

दुपारी पाहुणे गेले. मॅडमनी पेढे नाही पण बिस्किटांचा पुडा फोडला. फटाफटरावानं घेतलेलं बिस्कीट हातातच राहिलं. तेवढ्यात घरून फोन.

"अहो, हे काय केलंत?" बायकोचा आवाज एकदम शांत होता. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "पावतीवर हिशेबशास्त्र आहे."

"अगं, घाई होती. पाहुणे होते. तिला बोलता येईना, मग मी..."

"तिनं काय म्हटलं असतं ते तुम्हाला माहीत नव्हतं?"

त्यानं हातातलं बिस्कीट पुड्यात परत ठेवलं.

"बरं, ते जाऊ द्या. ही शेवटची ओळ. सोबत, कोणी नाही. ही पण घाईत?"

यावर काय बोलणार, कप्पाळ!   मग बायकोनं एवढंच सांगितलं, "ती परत निघालीये तिकडे. मी येते म्हटलं, तर नको म्हणाली. तिचं पुढचं सगळं आता तुमच्या हातात आहे. आज खिडकी बंद झाली की संपलं."

खिडकी बंद झाली की संपलं. हे त्याला कुणी सांगायला हवं होतं का? रांगेत उपाशी उभा असलेला तो पोरगा त्याला आठवला. तोंडावर खिडकी बंद करणाऱ्या त्या कारकुनाचा चेहराही आठवला. आजवर तो त्या कारकुनाला शिव्या घालत आला होता. त्यानं निदान खिडकी बंद केली होती. यानं उघड्या खिडकीतून लेकीला परत पाठवलं होतं, आणि वर शाबासकी घेतली होती.  असं वाटलं, उठावं आणि मागच्या दारानं निघून जावं, परत या कचेरीचं तोंड बघू नये. पण निघून गेला असता तर पोरीचं काय?

तो मॅडमच्या खोलीत गेला.

"मॅडम, एक दुरुस्ती करायचीये. सकाळची नोंद. शाखा चुकली."

"मुलीनं चुकीची सांगितली?"

"नाही. मी चुकीची घातली."

मॅडम हसल्या. "तुम्ही? या रीतीत चूक होऊच शकत नाही, असं तुम्हीच लिहून दिलंय की!"

"मी तिला बोलूच दिलं नाही, मॅडम."

"का?"

हा 'का' त्याला नको होता.  भिंतीवरच्या पंख्याकडे बघत तो म्हणाला, "ती बोलताना अडकते. सगळे बघत होते. ती... माझी मुलगी आहे."

मॅडमचं हसू मावळलं. "मघाशी साहेबांनी विचारलं, तेव्हा ओळखत नाही म्हणालात."

"हो."

"माझ्यासमोर म्हणालात."

"हो, मॅडम."

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की रागावल्या असत्या तर उपकार झाले असते. मग परवानगीच्या कागदावर सही केली. "साहेबांना मी उद्या कळवीन, काय झालं ते. आणि दुरुस्ती नियमाप्रमाणे करा. मुलगी स्वतः बोलेल. ती बोलायच्या आधी तुम्ही एक अक्षर टाइप करायचं नाही."

खिडकी बंद व्हायची वेळ जवळ आली होती. शेवटच्या दिवसाची रांग म्हणजे काय, सगळे आळशी आणि विसरभोळे एकत्र. लेक पुन्हा रांगेत लागून, सगळ्यांसारखी पुढे सरकत आली. मध्ये घुसली नाही, 'माझे बाबा आत आहेत' म्हणाली नाही.

"ये, बाळ," तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सांग."

तिनं 'बाळ' ऐकलं की नाही, कळलं नाही. तिनं क्रमांक सांगितला. मग श्वास घेतला.

"क..."

अडकली. मागच्या पोरांनी पाय हलवायला सुरुवात केली. एक बाई म्हणाली, "अहो, माझ्या पोराची वेळ जाईल!" फटाफटरावाची बोटं कीबोर्डवर होती. शब्द त्याला माहीत होता. अख्खं घर जाणून होतं तो शब्द. टाइप करायला पापणी लवायचा अवकाश, आणि पोरीची सुटका, त्याचीही सुटका. बोटं वळवळत होती. त्यानं हात उचलले आणि मांडीखाली दाबून ठेवले. हो, मांडीखाली, शाळकरी पोरासारखे.

"क... का..."

तो वाट बघत राहिला. तिच्या ताणलेल्या मानेकडे, मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिला. इतकी वर्षं याच क्षणी तो ग्लास पुढे करायचा. त्यामुळे त्याला आज पहिल्यांदाच दिसलं की ती अडकते तेव्हा घाबरलेली नसते. ती काम करत असते. ओझं उचलणारा माणूस जसा दम धरतो, तशी ती दम धरून असते. आणि आपण दर वेळी ते ओझं तिच्या हातून हिसकावून घेतलं.

"का... कायदा," ती म्हणाली.

त्यानं हात काढले आणि तो शब्द टाइप केला. केंद्र तिनं सांगितलं, त्यावर थोडी अडकली. फोन सांगितला. मागून आता कोणी हसत नव्हतं. बहुतेक कंटाळले होते.

राहिली शेवटची ओळ. पडद्यावर सकाळचं तसंच होतं, कोणी नाही. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. आता ती म्हणेल, बाबा. तिनं नुसतं 'ब' म्हटलं तरी चालेल, तो संध्याकाळपर्यंत थांबायला तयार होता. त्यानं मनाशी ठरवूनही टाकलं होतं. ती म्हणाली की उभं राहायचं आणि रांगेला सांगायचं, ही माझी लेक.

"सोबत कोण आलंय?" त्यानं विचारलं. त्या वर्षात त्यानं विचारलेला हा पहिला प्रश्न.

लेकीनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. रागानं नाही. घरी ती बापाला 'अरे बाबा' म्हणायची, अरे-तुरेच करायची.

"कोणी नाही," ती म्हणाली. "आधीचंच राहू द्या."

एकाही अक्षरावर ती अडकली नाही.

तो काहीतरी बोलायला गेला, पण पावती बाहेर आली होती. तिनं ती घेतली, या वेळी नीट वाचली, शाखेच्या ओळीवरून बोट फिरवलं, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि जिन्याकडे चालू लागली.

मागची बाई पोराला घेऊन खिडकीशी येऊन उभी राहिली. पण हाक आल्याशिवाय कसं बोलायचं? मावशींची तालीमच तशी होती. सगळी रांग फटाफटरावाकडे बघत होती.

"पु..." तो म्हणाला.

 त्यानं पुन्हा प्रयत्न केला. "पु..."

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. भिंतीपाशी उभ्या असलेल्या मावशी तेवढ्यात दोन पावलं पुढे आल्या, आणि त्याच्याकडे न बघता त्यांनीच त्याचा शब्द पुरा केला.

"पुढे!"